दोन पिक्सेल

रात्री सव्वाअकराला टोरांटोहून निरोप येतो :
बटण दोन पिक्सेल डावीकडे घेता येईल का?
येईल.
न यायला काय झालं.

जेवणाच्या टेबलावर माझं ऑफिस.
लॅपटॉपखाली जुईची भूगोलाची वही,
कडेला वाटीत मऊ पडलेली शेव,
रविवारच्या मिसळीतली उरलेली,
आणि आज गुरुवार.
खाली पाथर्डी फाट्याला ट्रक गिअर बदलतात
तेव्हा पाण्याचा ग्लास किंचित थरथरतो.
मिटिंगमध्ये मी तो हाताने धरून ठेवतो.

वृंदा सिव्हिलच्या लॅबमध्ये. या आठवड्यात रात्रपाळी.
आमची भेट दारात होते :
ती चप्पल काढत असते, मी घालत असतो,
जुईची रिक्षा खाली हॉर्न देत असते.
त्या अर्ध्या मिनिटात
दूध, फी, अण्णांची बीपीची गोळी,
आणि जमलंच तर, 'बरी आहेस ना?'
'रात्रभर दुसऱ्यांचं रक्त बघते,' ती म्हणते,
'मला काय होतंय.'

जुईनं वर्गात सांगितलं,
माझे पप्पा भिंतीशी इंग्रजीत बोलतात
आणि आवाज बंद करून मराठीत शिव्या देतात.
बाईंनी हे डायरीत लिहून पाठवलं.
मी खाली सही केली.

इगतपुरीचा तो दहा दिवसांचा मौनाचा कोर्स,
त्याचा फॉर्म मी तीनदा भरला.
तिन्ही वेळा रिलीज आलं.
चौथ्यांदा भरायला गेलो तर
फॉर्ममधली एक चूक दिसली,
आणि ती दुरुस्त कशी करता येईल
यात रात्रीचा दीड वाजला.

'काय म्हणतोय तो?'
अण्णा दिवाणावर जागेच होते.
'बटण सरकवायचंय.'
'किती?'
'दोन पिक्सेल. म्हणजे… केसाएवढं समजा.'
मला वाटलं, हसतील.
बत्तीस वर्षं सातपूरला लेथवर उभा राहिलेला माणूस,
ज्याला मी काय करतो हे विचारलं की
'कॉम्प्युटरवर असतो,' एवढंच सांगतो.

ते उठून बसले. उशीखालून चष्मा काढला.
'दाखव.'

पडद्यासमोर वाकले.
ज्या बोटाचं पेर प्रेसमध्ये गेलं
तेच बोट बटणाच्या कडेला लावलं,
एक डोळा मिटून.
'बरोबर आहे त्याचं. उजवीकडे लटकलंय.'

मग थोडं थांबून :
'माझा एकदा नव्वद नगांचा लॉट परत आला होता.
पाच मायक्रॉनसाठी.
तुझी आई दवाखान्यात होती, तुझ्या वेळी.
दोन रात्री जागून मशीनवर गेलो,
डोळा लागला असेल. काय माहीत.'
'मग?'
'मग काय. भरून दिले पगारातून.'

छत्तीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
मी सोळाचे चौदा केले. सेव्ह.
पान पुन्हा उघडलं.
'आता बसलं,' अण्णा म्हणाले,
आणि शेवेची वाटी उचलून
दोन घास खाल्ले, मऊ तर मऊ.
टोरांटोचा अंगठा आला.
बाहेर थंडी इतकी की ग्रिलला हात लावला तर चटका बसावा.
आम्ही दोघं उगाच त्या बटणाकडे बघत बसलो.
कोणी दाबलं नाही.

सकाळी वृंदा आली तेव्हा
लॅपटॉप उघडाच होता.
'बघ, काय बदललंय?'
'कुठे?'
'इथेच.'
गोधडीतून अण्णा : 'सांगू नको रे. ओळखू दे तिला.'

एक चप्पल पायात, एक हातात,
तशीच ती उभी राहिली पडद्यासमोर,
डोळे बारीक करून,
लॅबमध्ये काचेवर बघत असेल तशी.
अंगाला स्पिरिटचा वास.
तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला.
खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.
पुन्हा दिला.
'थांब,' ती म्हणाली, 'सांगू नकोस.'